मेंडोसाचा बेत

द्राक्षबागायतदाराच्या घरची दिवाळी कशी असते, हे ज्याची सासुरवाडी तासगाव तालुक्यात नाही त्याला सांगून समजायचे नाही. पहाटे अभ्यंगस्नान होते, पण उटण्याच्या वासावर फवारणीच्या औषधाचा वास मात करतो. ऑक्टोबरची छाटणी होऊन वेलींना नवी फूट आलेली असते, कोवळे घड बाहेर डोकावू लागलेले असतात, आणि आभाळ जरासे भरून आले की घरचा कर्ता माणूस चकली तोंडात आणि लाडू हातात अशा अवस्थेत ट्रॅक्टरवर जाऊन बसतो. डाउनी नावाचा रोग पाडवा पाहत नाही की भाऊबीज पाहत नाही. माझ्या पत्नीने आपल्या थोरल्या भावाला एकदा बांधावर उभे करून ओवाळले आहे. ट्रॅक्टर चालूच होता. निरांजन विझू नये म्हणून मी छत्री धरली होती.

गेल्या भाऊबिजेला मात्र दुपारपासून पाऊस लागला. पडत्या पावसात फवारता येत नाही, त्यामुळे दादा घरात सापडले. दादा म्हणजे माझे मेहुणे. ओसरीवर आम्ही दोघे बसलो होतो. त्यांनी खिशातून फोन काढला आणि एक चित्र माझ्यासमोर धरले.

"दाजी, ह्यो मांडव कुठला, सांगा बघू."

मी चित्रकलेचा मास्तर. चित्र नीट पाहिल्याशिवाय बोलायचे नाही ही सवय. खांब, वर तारांचे जाळे, त्यावर पसरलेली वेल आणि खाली लोंबणारे घड. तासगावपासून कवठेमहांकाळपर्यंत कुठेही दिसावा असा मांडव. मी म्हटले, "पलूसकडचा असेल."

"न्हाई. मेंडोसाचा. अर्जेंटिनात हाय." आणि मग, जत किंवा आटपाडीला जायचे असावे अशा सुरात ते म्हणाले, "आपल्याला तिथं जायचंय. बेत तुम्ही करायचा. तुम्ही पुस्तकं लिवता."

मी हसलो. दादा हसले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आले की हे प्रकरण साधे नाही.

पुस्तके लिहितो हे खरे. माझे शिक्षण मॅट्रिक आणि त्यावर चित्रकलेच्या परीक्षा एवढेच. नोकरी साताऱ्याच्या एका हायस्कुलात. आणि नावावर दोन कादंबऱ्या. कादंबरीत मी माणसे कुठेही पाठवतो, कारण तिथे भाडे पडत नाही. पण खऱ्या माणसाला खऱ्या तिकिटावर पृथ्वीच्या पाठीवर पलीकडे पाठवायचे, आणि तेही वाइनरी पाहायला, ही गोष्ट निराळी. मी स्वतः दारू पीत नाही, असे लिहिणे शिक्षकाला शोभते, आणि सुदैवाने ते खरेही आहे. दादाही पिणारे नव्हेत. आणि सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, ते तर माळकरी. आषाढीची वारी त्यांची कधी चुकली नाही. अशा घरातून वाइनरीच्या यात्रेचा बेत निघावा, याला काही कारण हवे.

ते कारण घरात सर्वांना ठाऊक होते आणि कुणी बोलत नव्हते.

२००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. नाशिककडे विंचूरला एक आणि आमच्या सांगली जिल्ह्यात पलूसला एक अशी वाइन पार्कची आखणी झाली. खायच्या द्राक्षांचा भाव दरसाल पाण्यासारखा वरखाली होतो. वाइनच्या द्राक्षाला करार, ठरलेला दर, असे सांगितले जाऊ लागले. दादा तेव्हा तिशीत होते. २००५ साली त्यांनी एकरभर रानात काबर्ने सोव्हिन्यों नावाची फ्रेंच जात लावली. गावाने त्या नावाचे 'कॅबिनेट' केले. दादा सकाळी रानात निघाले की लोक म्हणत, "चालले मुख्यमंत्री, कॅबिनेटच्या बैठकीला."

मामा काहीच बोलले नाहीत. लावू नको म्हणाले नाहीत, लाव असेही म्हणाले नाहीत. फक्त त्या एकरात त्यांनी पाय ठेवला नाही. विहिरीकडे जायची वाट त्याच्या मधून होती. ते बांधावरून वळसा घालून जाऊ लागले. त्या वळशाची पायवाट पडली.

२००७ ला पहिले पीक गेले. एका वाइनरीने माल उचलला, पैसे दिले, आणि वर्षभराने दादांच्या मालाची म्हणून एक बाटली भेट पाठवली. मग २००८ उजाडले. जगभर मंदी आली. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. वाइनरीच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. करार होता तो कागदावर राहिला. दोन हंगाम घड वेलीवर लटकून राहिले. ही द्राक्षे बाजारात विकता येत नाहीत: मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. बेदाणाही धड होत नाही. २०१० साली दादांनी ती बाग उपटली. वेल पाच वर्षांची होती.

त्या दिवशी मी तिथे होतो. दुपारी मामा आले. वळसा न घालता सरळ त्या रानात शिरले, आणि उपटलेली खोडे एकेक उचलून बांधाला रचू लागले. संध्याकाळपर्यंत बापलेक काही न बोलता खोडे वाहत होते.

त्यानंतर त्या रानात माणिकचमन लागली, बेदाण्याने घर सावरले, आणि गोष्ट मिटली असे आम्ही धरून चाललो. ती मिटली नव्हती, हे मला गेल्या भाऊबिजेला ओसरीवर कळले.

साताऱ्याला परतल्यावर मी एक शंभरपानी वही विकत घेतली आणि पहिल्या पानावर 'मेंडोसा' असे सुबक अक्षरात लिहिले. दुसऱ्या पानावर नकाशा काढला. नकाशा काढता काढता मला ते गाव ओळखीचे वाटू लागले. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे-साडेसातशे मीटरांवर. मेंडोसाही जवळजवळ तेवढ्याच उंचीवर. आमच्या डोक्यावर अजिंक्यतारा, त्यांच्या पश्चिमेला अँडीज पर्वत. त्यातले आकोंकाग्वा हे शिखर ६,९६१ मीटरांचे, म्हणजे या बाबतीत अजिंक्यताऱ्याने फार ताणू नये हे बरे. पण सह्याद्री ढग अडवतो आणि त्याच्या पूर्वेचा माणदेश कोरडा पडतो, तसेच अँडीज ढग अडवतो आणि मेंडोसा कोरडे पडते. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस. पावसावर तिथे काहीच पिकले नसते.

मग पिकते कशावर? बर्फावर. डोंगरावरचे बर्फ वितळते, नद्यांना येते, आणि पाटांनी रानोमाळ जाते. स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून तिथल्या वार्पे लोकांनी हे पाट काढलेले होते. आजही मेंडोसा शहरात रस्त्याच्या कडेने पाट वाहतात, त्यांवर झाडे उभी आहेत, आणि शेतकऱ्याला पाणी पाळीने मिळते. पाटाला ते 'आसेकिया' म्हणतात. शब्द मूळ अरबी. पाणी पाजणे या अर्थाच्या ज्या धातूतून तो निघाला, त्यातूनच गझलेतला साकी निघाला. पाट आणि पेला भरणारा हे एकाच कुळातले, हे वाचून मला फार आनंद झाला. दादांना फोन करून सांगितले. ते म्हणाले, "साकी ऱ्हाऊ द्या दाजी. पाणी वरनं खाली येतं का खालनं वर न्यावं लागतं?"

मी म्हटले, "वरून खाली येतं."

"मग ते भाग्यवान," दादा म्हणाले.

त्यांच्या बोलण्याला आधार आहे. त्यांच्या बागेला पाणी कृष्णेचे, पण कृष्णा खाली आणि बाग वर. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावापाशी पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवत आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळकडे नेतात. टेंभू हे आमच्या सातारा जिल्ह्यातले, गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. शाळेत मी मुलांना आगरकर सांगतो आणि सासुरवाडीला आगरकरांच्या गावचे पाणी पितो. तसा सांगली जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' या नावानेच जन्मला. १९६० मध्ये त्याचे सांगली झाले. त्यामुळे सासरचे आणि माझे हे पाण्याचे नाते नवे नव्हे.

बेतातला पहिला प्रश्न कधी जायचे हा. इथे मी मास्तरकी केली. वहीत पृथ्वीचा गोल काढला, विषुववृत्त आखले, आणि दादांना समजावले की मेंडोसा दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तिथले ऋतू आपल्या उलटे. तेव्हा आपली काढणी उरकली की निवांत तिकडची काढणी पाहायला जाऊ.

दादांनी गोल शांतपणे पाहिला. मग म्हणाले, "त्यांची जत्रा मार्चच्या सुरवातीला असती."

मी वाचून पाहिले तर ते खरेच. मेंडोसाचा द्राक्षकाढणीचा मोठा उत्सव १९३६ पासून भरतो आणि तो मार्चच्या पहिल्या दिवसांत असतो. फेब्रुवारी ते एप्रिल ही त्यांची काढणी. आणि आमच्या तासगावची? तीच! जगाच्या दोन टोकांना, उलट्या ऋतूंत, एकाच महिन्यात द्राक्षे उतरतात. माझा गोल आणि विषुववृत्त दोन्ही फुकट गेली.

"असं कसं?" मी विचारले.

"आपली वेल झोपतच न्हाई, दाजी," दादा म्हणाले. आणि त्या दिवशी, वीस वर्षे ज्या बागांतून मी हिंडलो त्यांची खरी गोष्ट मला कळली. थंड मुलखात वेल हिवाळ्यात पाने टाकते आणि चार महिने गाढ झोपते. आपल्याकडे तेवढी थंडीच नाही. म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, की तिने काडी करावी. ऑक्टोबरात फळछाटणी, की तिने घड धरावा. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना औषधाची पेस्ट लावतात. का? तर डोळे एकदम उघडावेत म्हणून. "चिमटा काढून उठवतो म्हणा की," दादा म्हणाले. "फळ दे, काडी दे, परत फळ दे. बारा-पंधरा वर्सांत बाग थकती, मग उपटायची. मेंडोसात शंभर वर्सांच्या वेली हायत. अजून फळ देत्यात. मला तसली एक बघायची हाय."

मी म्हटले, "पण दादा, मार्चमध्ये तुमची बाग आणि माझ्या परीक्षा. आपल्याला मेअखेरीस जाता येईल. तोवर तिकडे थंडी सुरू होते, पाने गळतात. पाहायला काही नसेल. नुसती खोडं आणि काड्या."

"मग बराबर हाय," दादा म्हणाले. "झोपलेलीच बघायची."

त्यानंतर मी मे महिन्याबद्दल वाद घातला नाही.

वही भरू लागली. मार्ग असा ठरला: मुंबईहून एक मुक्काम बदलून आधी चिलीतल्या सांतियागोला, तिथून दक्षिणेला कोल्चाग्वाच्या खोऱ्यात दोन दिवस, मग बसने अँडीज ओलांडून मेंडोसा, शेवटी ब्यूनोस आयर्स आणि परत. सांतियागो ते मेंडोसा अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर, पण घाट असा की सात-आठ तास लागतात. चिलीच्या बाजूला नागमोडी वळणांची एक माळच आहे. तिला ते 'गोगलगाई' म्हणतात. आमच्या पत्नीला खंबाटकीत मळमळते. तिने ते चित्र पाहून सांगितले, "मी भाऊबिजेची ओवाळणी म्हणून घरीच राहते." शिवाय हिमवर्षाव झाला की हा घाट बंद होतो. मेअखेर म्हणजे उंबरठ्यावरचा काळ. म्हणून वहीत एक मोकळा दिवस राखून ठेवला आहे. घाट बंद निघाला तर वाट पाहायला.

चिली मी बेतात घातले ते एका गोष्टीसाठी. फ्रान्समध्ये कार्मेनेर नावाची एक जात होती. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या किडीने युरोपभरच्या द्राक्षबागा मुळापासून खाल्ल्या. त्यात ही जात जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी तिची आशा सोडली. पण कीड येण्यापूर्वीच फ्रान्समधून काही काड्या चिलीला गेल्या होत्या. तिथे ही वेल मेर्लो नावाच्या दुसऱ्या जातीत मिसळून, तिच्याच नावावर, शंभरावर वर्षे निमूट वाढत राहिली. १९९४ साली बूर्सिको नावाचा फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ चिलीत बागा पाहत असताना थबकला आणि म्हणाला, ही मेर्लो नव्हे, ही कार्मेनेर! हरवलेली पोर परक्याच्या घरी दुसऱ्या नावाने सुखरूप सापडावी, असा हा प्रकार. मी कादंबरीत हे घातले असते तर टीकाकारांनी योगायोगाचा अतिरेक म्हणून झोडपले असते. दादांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "कुणी उपटली न्हाई म्हणून ऱ्हायली."

मेंडोसात मला माझाही एक माणूस भेटला. तिथली प्रसिद्ध जात माल्बेक. १८५३ साली मेंडोसाला शेतीचे एक विद्यालय आणि रोपवाटिका निघाली, आणि मिशेल पूजे नावाच्या फ्रेंच माणसाने तिथे फ्रेंच जाती लावल्या. हे सारे व्हावे म्हणून ज्याने पाठपुरावा केला तो दोमिंगो सार्मिएंतो. हा कोण? तर शेजारच्या सान हुआन प्रांतातला एक गरीब मुलगा, पंधराव्या वर्षी खेड्यात शाळा शिकवणारा, पुढे ग्रंथकार, आणि १८६८ ते १८७४ देशाचा राष्ट्राध्यक्ष. तो ११ सप्टेंबरला वारला; अर्जेंटिनात तोच शिक्षकदिन. आपला ५ सप्टेंबर, त्यांचा ११. मास्तर, लेखक आणि द्राक्षाचा कैवारी, असे तिन्ही एका माणसात! मी हेडमास्तरांना हे सांगितले आणि रजेच्या अर्जाचा विषय हळूच काढला. ते म्हणाले, "राष्ट्राध्यक्ष व्हा, मग बघू." सुदैवाने मे महिना सुटीचाच आहे.

बेत पक्का व्हायच्या आधी रंगीत तालीम हवी म्हणून या उन्हाळ्यात आम्ही दोघे नाशिकला गेलो. गंगापूर धरणाच्या बाजूला एका वाइनरीत पैसे भरून दर्शन घेतले. एका तरतरीत मुलाने पेले मांडले आणि वासात पेरू कसा ओळखावा, मिरी कशी ओळखावी, हे फार छान सांगितले. आम्ही वास घेतले, पेले खाली ठेवले. दादांनी विचारले, "एकरी टन किती निघतो? खुंट कुठला? दोन रांगांत अंतर किती?" तो बिचारा गोंधळला. त्याचा दोष नव्हे; लोक त्याला पेऱ्याबद्दल विचारत नाहीत, पेल्याबद्दल विचारतात. परतीच्या गाडीत आम्ही वहीत दोन नियम लिहिले. एक: दिवसाला दोनापेक्षा अधिक 'बोदेगा' करायच्या नाहीत. बोदेगा म्हणजे तिकडची वाइनरी. दोन: आधी पत्र लिहून भेट ठरवायची, आणि पत्रात स्पष्ट कळवायचे की आम्ही शेतकरी आहोत, आम्हाला तळघर नंतर दाखवा, आधी वेल दाखवा.

तालमीची हकीकत सासूबाईंना सांगताना मी एक चूक केली. जाणकार लोक वाइन तोंडात घोळवून भांड्यात थुंकतात, हे सांगितले.

"गिळत न्हाईत?"

"नाही. बरेच जण थुंकतात."

"म्हंजे पैसं देऊन, इमानात बसून, थुकायला एवढ्या लांब जायचं?" सासूबाई म्हणाल्या. या प्रश्नाचे उत्तर माझ्या वहीत नाही.

पासपोर्टच्या वेळी कळले की दादांची आणि माझी जन्मतारीख एकच आहे, १ जून. आमच्या पिढीतल्या निम्म्या खेड्यापाड्यांचा जन्म मास्तरांनी त्याच दिवशी उरकून टाकला आहे. परदेशी अधिकाऱ्याला आम्ही जुळे भाऊ वाटलो तर समजूत कशी घालायची, याचीही नोंद केली.

खरी अडचण सामानाची निघाली. दादांची इच्छा अशी की तिकडच्या शेतकऱ्यांना आपला बेदाणा द्यावा आणि येताना त्या शंभर वर्षांच्या वेलीची एक काडी आणावी. दोन्ही गोष्टी मला कापाव्या लागल्या. चिलीच्या सरहद्दीवर फळे, बिया, रोपे यांची कडक तपासणी असते. एक फळ पिशवीत विसरले तरी दंड. फायलोक्सेराने चिलीचा उंबरठा ओलांडला नाही याचा त्यांना अभिमान आहे. आणि तिकडची काडी खिशात घालून आणणे हा आपल्या कायद्याने गुन्हा. दादांनी हे ऐकून घेतले. "म्हंजे हात हलवत जायचं आन् हात हलवत यायचं," ते म्हणाले. पाहुण्याच्या घरी रिकाम्या हाताने जाण्याची कल्पना त्यांच्या जिवाला लागली, हे मला दिसले.

या सगळ्या महिन्यांत मामांपुढे हा विषय कुणी सरळ काढला नव्हता. घरात वही उघडी पडलेली असे. ते चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत आणि वहीकडे पाहत नसत. मला एक जुनी रात्र आठवे. २०२२ च्या जानेवारीत सरकारने मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय केला, तेव्हा पुढच्या महिन्यात वारकरी मंडळींनी साताऱ्यात आंदोलन केले. त्याला मामा आले आणि आमच्याकडे उतरले. जेवताना मी धीर करून म्हटले, "मामा, दादांनी लावली होती ती बाग…" त्यांनी भाकरी मोडत मला थांबवले. "बाग बागंच्या जागी," ते म्हणाले. पुढे बोलले नाहीत. मी त्याचा अर्थ राग असा घेतला होता.

यंदा गणपतीत आम्ही तासगावला गेलो होतो. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी तिथे रथ निघतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या देवळासमोरून माणसांची रीघ दोर ओढते. रथ पाहून रात्री घरी आलो. दादा आणि मी वही उघडून सामानाची यादी करत होतो. स्वेटर, कानटोपी, धपाटी विमानापुरती, शेंगदाण्याची चटणी (जाहीर करणे). भेटवस्तू या शब्दापुढे मी रेघ ओढून जागा रिकामी ठेवली होती.

मामा हरिपाठ आटोपून उठले, आमच्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी यादी वाचली.

"बाटली चालती का सरहद्दीवर?" त्यांनी विचारले.

आम्हाला काही समजेना. मी म्हटले, "कसली बाटली, मामा?"

"माळ्यावर घागरीमागं हाय ती. ह्याच्या मालाची."

दादांनी मान वर केली. ती बाटली त्यांनी २००८ साली तिथे दडवली होती. वडिलांना ठाऊक नाही, अशी त्यांची सतरा वर्षांची समजूत. मामा म्हणाले, "दर दिवाळीला माळा मीच झाडतो की. पुसून ठेवतो परत."

मी सांगितले की सीलबंद बाटली नेता येते. फळ चालत नाही, बी चालत नाही, पण वाइन चालते. मात्र मास्तर म्हणून खरे सांगणे भाग होते. "मामा, पण सतरा उन्हाळे पत्र्याखाली गेलेत. आता तिचं आंबून गेलं असेल."

"आंबलं तर आंबलं," मामा म्हणाले. "त्यास्नी सांगा, प्यायला न्हाई दिलं. आमच्या बी रानात हुती म्हणून दावायला आणलं."

एवढे बोलून ते आत झोपायला गेले. दादा उठले आणि उगाचच अंगणात जाऊन ट्रॅक्टरला हात लावून आले. मी रिकाम्या जागी लिहिले: बाटली, एक.

बेत हा असा आहे. मे महिन्याला अजून अवकाश आहे, आणि मध्ये सारा हंगाम उभा आहे. घड धरले, अवकाळी आला नाही, गारपीट झाली नाही आणि बेदाण्याला भाव लागला, तर आम्ही जाऊ. मेंडोसालाही गारांची भीती असते. तिथे बागांवर जाळ्या ताणतात, हे मी वहीत लिहून ठेवले आहे, जाळीच्या चित्रासह. दादांना ती जवळून पाहायची आहेत. न जमले तर पुढच्या मे महिन्यात. वहीत पाने शिल्लक आहेत. शंभर वर्षे थांबलेली वेल आणखी एक वर्ष थांबेल.

तुम्ही हा अंक हातात घ्याल आणि फराळाचे ताट पुढे ओढाल, तेव्हा दादा बहुधा ट्रॅक्टरवर असतील, आणि माझी पत्नी निरांजन घेऊन बांधाकडे निघालेली असेल. छत्री माझ्याकडे आहे.